एक्स-रे नॉर्मल, तीन आठवडे आराम, तरी घोटा दुखतोच... मग धावायचं कधी?

दादा, सगळं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "ताई पाय मुरगळलाय काय करू" एवढंच विचारतात आणि मग मला वीस प्रश्न विचारावे लागतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांची बहीण २२ वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करतेय, तीन आठवड्यांपूर्वी पहाटे अंधारात ८०० मीटर मारताना शेवटच्या वळणावर डावा पाय खड्ड्याच्या काठावर पडून आतल्या बाजूला मुरगळला. कट् असा आवाज आला, दहा मिनिटं बसून मग लंगडत गाडीपर्यंत गेली, संध्याकाळपर्यंत घोटा टम्म. एक्स-रे नॉर्मल आला, क्रेप बँडेज, पाच दिवस गोळ्या आणि "तीन आठवडे आराम करा" एवढं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाने पाय ओढून तेल लावून चोळून दिला आणि सूज दुप्पट झाली. आता चालते, पण जिना उतरताना दुखतं, संध्याकाळी सूज येते आणि पायावर भरवसा वाटत नाही. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, अडीच महिने राहिलेत. प्रश्न तीन आहेत: एमआरआय करायचा का, फिजिओकडच्या मशीनची सिटिंग किती घ्यायची, आणि धावायचं कधी.

एमआरआय आत्ता बहुतेक नको. मशीनचं एकही सिटिंग घेतलं नाही तरी काही बिघडत नाही. आणि धावणं कॅलेंडर बघून ठरत नाही, घोटा काय काय करून दाखवतो त्यावर ठरतं, ते खाली लिहिते. वेळ हातात आहे. पण तीन आठवडे झाले म्हणजे पाय बरा व्हायला हवा होता असं जे तुम्ही धरून चाललाय ना, तिथेच गडबड आहे, कारण या तीन आठवड्यांत उपचार असा काही झालेलाच नाही, फक्त वाट बघणं झालंय.

आधी मुरगळतं म्हणजे काय होतं ते बघा. घोट्याला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन हाडांच्या गाठी असतात, हात लावून बघा, बाहेरची गाठ आतल्यापेक्षा खाली उतरलेली लागेल. म्हणून पाऊल बाहेर वळायला लागलं तर ती गाठ आडवी येते, आत वळायला तेवढी आडकाठी नाही. त्यात मधे जे टेलस नावाचं हाड बसतं ते पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असलं की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो, आणि चवडा खाली झुकला की अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना, गड उतरताना, खड्ड्याच्या काठावर, नेमका चवडा खाली असतो. अशा वेळी पाऊल आत वळलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, आम्ही फिजिओ त्याला एटीएफएल म्हणतो, ते पहिल्यांदा ताणलं जातं किंवा फाटतं. जोर जास्त असेल तर त्याच्या खालचं, टाचेकडे जाणारं लिगामेंटही जातं. मागचं तिसरं क्वचितच. बहिणीला जिना चढताना नाही, उतरताना दुखतंय, ते याच्याशी जुळतं.

ती माझ्या टेबलावर येऊन बसली असती तर मी आधी पायाला हातच लावला नसता. आधी विचारलं असतं पाय नेमका कसा वळला, हाताने करून दाखव. आत वळला म्हणाली तर एक गोष्ट, पाऊल जमिनीत रुतलं आणि अंग बाहेर फिरलं म्हणाली तर वेगळीच गोष्ट. नंतर विचारते की यापूर्वी कधी मुरगळला होता का, आणि इथे दहातले निम्मे लोक "नाही" म्हणतात, मग पाच मिनिटांनी म्हणतात "हां, कॉलेजला असताना दोनदा, पण ते असंच". ते असंच काही नसतं. पहिल्यांदा मुरगळलेला आणि चौथ्यांदा मुरगळलेला घोटा यांना मी एकसारखं बघत नाही.

मग अंगठा. आमच्या कामात अंगठ्याइतकं स्वस्त आणि खरं बोलणारं दुसरं उपकरण नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले, घोटा मुरगळलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढायची गरज नाही, मग कोणाचा काढायचा ते सांगणारे. जगभर तपासून झालेत ते. दोन्ही गाठींचं टोक आणि त्यांच्या मागच्या कडेने वर ६ सेंटिमीटरपर्यंतचं हाड अंगठ्याने दाबायचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला साधारण मधोमध एक उंचवटा लागतो, करंगळीकडे जाणाऱ्या हाडाचा बुंधा, तो दाबायचा. मग आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यातलं काही हाडावर दाबून दुखलं, किंवा पडल्या पडल्या आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकली तरी चालतात बरं का, त्यामुळे बहीण गाडीपर्यंत गेली ते चांगलं लक्षण होतं. हे नियम फ्रॅक्चर सहसा सुटू देत नाहीत, उलट बाजूने मात्र दुखतंय म्हणून एक्स-रे काढला आणि काहीच निघालं नाही असं पुष्कळदा होतं, तेवढं चालतं. डायबेटिसमुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला किंवा प्यायलेल्या माणसाला हे नियम लावायचे नाहीत, त्याला दुखलंच नाही तर तो सांगणार काय. आणि लहान मुलांमध्ये लिगामेंटपेक्षा हाडाची वाढीची पट्टी जास्त नाजूक असते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या पोराला गाठीवर दुखत असेल तर मी "मुरगळलाय" म्हणून घरी पाठवत नाही.

हे नियम ताज्या दुखापतीसाठी आहेत, तुमच्या बहिणीचे तीन आठवडे झालेत. तरी तिला आज बसवा आणि तेच बिंदू दाबून बघा. गाठीच्या पुढे बोटभर खाली मऊ जागेवर दुखलं तर ते लिगामेंट, अपेक्षित आहे. पण थेट हाडावर, विशेषतः त्या करंगळीच्या बुंध्यावर, अजून टोचल्यासारखं दुखत असेल तर परत एक्स-रे घ्या, घोट्याचा नाही, पावलाचा. हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मीच ते चुकवलं होतं. एक शाळेतले सर, पायरी चुकून मुरगळला, घोट्याचा एक्स-रे नॉर्मल, मी दोन आठवडे घोट्याचे व्यायाम घेत बसले आणि ते बिचारे रोज म्हणत "मॅडम इथे कडेला दुखतं". मी घोटाच दाबत राहिले. शेवटी त्यांनीच माझं बोट धरून त्या उंचवट्यावर ठेवलं. फ्रॅक्चर होतं. तेव्हापासून माणूस बोटाने जी जागा दाखवतो ती मी आधी दाबते, मग माझी यादी.

अजून तीन-चार गोष्टी मी सोडत नाही. पोटरी मधोमध दोन्ही बाजूंनी दाबते, म्हणजे नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड एकमेकांकडे दाबलं जातं, तेव्हा खाली घोट्याच्या वर पुढून कळ आली तर वरचा सांधा दुखावलाय. त्याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात, तो बरा व्हायला बराच जास्त वेळ घेतो आणि कधीकधी ऑपरेशनपर्यंत जातो. पाऊल वर उचलून बाहेर फिरवल्यावरही तिथेच दुखतं. असं असेल तर माझा हा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिकला दाखवा. मग गुडघ्याच्या खाली बाहेरून बारीक हाडाचं वरचं टोक दाबते, कारण घोट्याला बसलेला पीळ कधीकधी वर जाऊन तिथे हाड मोडतो आणि घोट्याच्या एक्स-रेत ते दिसणारच नाही. मग पालथं झोपवून पोटरी दाबते, पाऊल आपोआप खाली हललं पाहिजे, नाही हललं तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी (अकिलिस टेंडन) तुटलीय. "मुरगळलाय" म्हणून आलेल्या चाळिशीतल्या बॅडमिंटनवाल्यांमध्ये हे दोनदा सापडलंय मला.

लिगामेंट किती सैल आहे ते बघायला टाच धरून पाऊल पुढे ओढायची टेस्ट असते. पहिल्या दिवशी तिचा फारसा उपयोग होत नाही, सूज आणि दुखणं एवढं असतं की माणूस सगळे स्नायू आवळून धरतो. चार-पाच दिवसांनी केली तर बरंच खरं कळतं. आता तीन आठवड्यांनी फिजिओकडून ती एकदा करून घ्या, दोन्ही पायांची तुलना करून. पण सैल निघाला म्हणून घाबरू नका, पूर्ण फाटलेलं लिगामेंट असलेली माणसंसुद्धा व्यायामाने खेळायला परत जातात, ऑपरेशन पहिल्या फटक्यात सहसा करत नाहीत.

एमआरआयचं म्हणाल तर तो मी तेव्हा सांगते जेव्हा सहा-आठ आठवडे नीट व्यायाम करूनही खोल आत दुखतं, सांधा अडकल्यासारखा वाटतो, किंवा सूज हटतच नाही. टेलसच्या वरच्या कूर्चेला मार लागलेला असू शकतो, एक्स-रेत तो सहसा दिसत नाही. सहा-सात हजार आधीच घालवून "पार्शियल टिअर", म्हणजे लिगामेंट थोडं फाटलंय, असा रिपोर्ट हातात घेतला तर उपचार बदलत नाही, फक्त घरचे घाबरतात आणि पोरीला पुन्हा कॉटवर बसवतात.

आता चोळण्याचं. तिसऱ्या दिवशी चोळल्याने काय होतं, आत जे नुकतं गोठायला लागलेलं असतं ते पुन्हा वाहायला लागतं, म्हणून सूज दुप्पट झाली. त्या काकांवर राग धरू नका, त्यांनी जे पिढ्यान् पिढ्या केलं तेच केलं, पण पुन्हा नको. आईचा आंबेहळदीचा लेप चालेल, कातडी लाल होत नसेल तर, बरं वाटतं आणि मुख्य म्हणजे तो लावल्यावर माणूस अर्धा तास पाय वर करून बसतो, त्यातच निम्मा फायदा. बर्फही तसाच, कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, फक्त दुखणं कमी करायला. आराम, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय वर ठेवणं याचं इंग्रजीत जे 'राईस' (RICE) म्हणून सूत्र झालं ते अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि २०१४ मध्ये स्वतः त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्ही बरं होणं लांबवू शकतात. आमच्याकडे मात्र अजून प्रिस्क्रिप्शनवर तेच.

मशीनचं स्पष्ट सांगते, मला यावरून आमच्याच लोकांचे फोन येतील. अल्ट्रासाऊंडने मुरगळलेला घोटा लवकर बरा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, फरक जवळपास नाहीच. करंटच्या मशीनने तात्पुरतं बरं वाटतं. दहा सिटिंगचं पॅकेज घेऊन पाय मशीनला लावून मोबाईल बघत पडायचं आणि घरी यायचं, हा उपचार नाही, हा टाइमपास आहे. फिजिओचा हात लागतो तो दुसऱ्या कामासाठी, टेलस मागे सरकवून पाऊल वर यायची हालचाल मोकळी करायला. ते दोन-चार वेळा करून घेतलं तर नक्की फरक पडतो. क्लिनिक निवडताना एकच बघा, तिथे पेशंट झोपलेले दिसतात की उभे.

बरं, आता काम. आजच एक माप घ्या. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, अनवाणी, पायाचा अंगठा भिंतीपासून काही अंतरावर, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल जरा मागे, पुन्हा. टाच उचलायच्या आधी जास्तीत जास्त जे अंतर जमतं ते अंगठा ते भिंत पट्टीने मोजायचं. चांगल्या पायाचं समजा ११ सेंटिमीटर आलं आणि दुखऱ्याचं ६, तर ते पाच सेंटिमीटर म्हणजे तुमच्या जिन्याचं उत्तर आहे, कारण उतरताना मागच्या पायाचा घोटा तेवढा वाकावाच लागतो. उकिडवं बसता येतंय का तेही बघा, दुखऱ्या पायाची टाच उचलली जाते का. ही हालचाल हाच व्यायाम, दिवसातून तीन वेळा, दर वेळी पंधरा-वीस वेळा गुडघा भिंतीकडे, रेटून नाही, ताण येईल इतपत. दुसरं माप सुजेचं, आईच्या शिलाईच्या टेपने घोट्याभोवती आणि पावलाभोवती इंग्रजी आठ काढायचा, रोज त्याच वेळी, त्याच खुणांवरून. संध्याकाळी थोडी सूज येणं याला घाबरायचं नाही, सकाळी उतरली की झालं. सकाळीही वाढलेली असेल तर काल जास्त झालं.

जमिनीवर मांडी घालून बसणं आणि वज्रासन सध्या बंद. मांडीत पाऊल नेमकं त्याच दिशेने दुमडून खाली दबतं ज्या दिशेने ते मुरगळलं होतं, लोक दिवसभर जपतात आणि जेवताना अर्धा तास तेच लिगामेंट ताणत बसतात. खुर्ची घ्या महिनाभर.

ताकदीसाठी टाचा उचलणं. आधी दोन्ही पायांवर, मग दोन्हीवर वर जाऊन एकट्या दुखऱ्या पायावर सावकाश खाली येणं, मग फक्त एका पायावर, पायरीच्या कडेवर, शेवटी दप्तर पाठीला लावून. बाहेरच्या बाजूचे स्नायू, जे पाऊल बाहेर ओढतात, त्यांच्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, खाटेच्या पायाला बांधा, पावलात अडकवा आणि पाऊल बाहेर ओढा, गुडघा फिरू न देता. रबर बँड विकत आणायची गरज नाही. कुशीवर झोपून पाय वर उचलणं हेही घाला, कारण कंबरेच्या बाजूचे स्नायू ढिले असतील तर गुडघा आत पडतो आणि घोट्याला सगळं सांभाळावं लागतं.

आणि आता जे सगळ्यात जास्त लोक सोडतात ते. तोल. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, त्यात जाणिवेचे तंतू असतात जे मेंदूला सतत सांगत असतात की पाऊल किती तिरकं झालंय. दोरी फाटली की ती बातमीही तुटते. इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच हे मांडलं होतं की घोटा वारंवार का लचकतो, तर सांधा सैल असतो म्हणूनच असं नाही, त्याची खबर उशिरा पोचते म्हणूनही, आणि त्यावर हलत्या फळीवर उभं राहण्याचे व्यायाम दिले होते. तुमची बहीण "भरवसा वाटत नाही" म्हणते ते मनाचे खेळ नाहीत, खरंच तिला पाऊल कुठे आहे ते नीट कळत नाहीये. पहिल्यांदा मुरगळलेल्यांमध्ये वर्षभरानंतरही दर दहातल्या चौघांना हा त्रास राहिलेला आढळलाय, आणि आपण त्याला "साधा मुरगळला" म्हणतो.

करायचं काय तर दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं. सकाळ-संध्याकाळ. हात कंबरेवर, गुडघा किंचित वाकलेला. ३० सेकंद न डगमगता जमलं की डोळे मिटून. डोळे मिटल्यावर पहिल्यांदा बघा काय होतं, चांगला पाय पंधरा-वीस सेकंद काढतो आणि दुखरा तीन सेकंदांत भिंत शोधतो. जवळ भिंत किंवा तुम्ही उभे राहा. मग घडी केलेल्या गोधडीवर, मग त्याच अवस्थेत तुम्ही तिच्याकडे बॉल फेका, कधी डावीकडे कधी उजवीकडे, न सांगता. मग एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, मागे, तिरकं, जमेल तितकं लांब जमिनीला टेकवून परत येणं. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये ५२२ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास आहे, घोटा मुरगळून बरा झाल्यावर निम्म्यांना आठ आठवडे घरच्या घरी असे तोलाचे व्यायाम दिले, कोणी देखरेखीला नाही, काही नाही. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण व्यायामवाल्यांत २२ टक्के, न करणाऱ्यांत ३३ टक्के. एवढा फरक कुठल्याही मलमाने पडत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक कबड्डीपटू होता, चढाईचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला मॅडम काहीच दुखत नाही. सूज नव्हती, ताकद होती, मी सोडला. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्याच दहा मिनिटांत मॅटवर वळताना तोच घोटा, आणि यावेळी पहिल्यापेक्षा वाईट. तो परत आला तेव्हा मी त्याला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, दुखऱ्या नाही, आदल्या वर्षी मुरगळलेल्या दुसऱ्या पायावर. दोन सेकंद. म्हणजे तोल मी आधी बघितलाच नव्हता. तो काही बोलला नाही, पण त्याचं वर्ष गेलं.

धावण्याआधी मला हे दिसायला हवं: भराभर अर्धा तास चालून दुसऱ्या सकाळी सूज नाही, भिंतीचं माप दुसऱ्या पायाच्या एक-दीड सेंटिमीटरच्या आत, एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतकं म्हणजे साधारण वीस-पंचवीसपर्यंत, आणि जागच्या जागी एका पायावर दहा उड्या न दुखता आणि न घाबरता. हे जमलं त्या दिवशी धावायचं, मग तो चौथा आठवडा असो की सातवा. सुरुवात सपाट जागेवर, एक मिनिट जॉगिंग एक मिनिट चालणं, दहा वेळा, एक दिवस आड. धावताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालेल. मग मिनिटं वाढवा, मग सलग, मग वळणं, आधी मोठी मग आखूड, दोन्ही दिशांनी, कारण ट्रॅकवर कायम डावीकडेच वळतो आणि तिचा दुखरा पाय आतल्या बाजूचा आहे. १०० मीटरचे जोरात स्टार्ट त्यानंतर. गोळाफेक सुरुवातीला जागेवरून, पाय न फिरवता. ४ किलोचा गोळा घेऊन मागचा पाय गर्रकन फिरवणं म्हणजे घोट्याला पीळच आहे, ते स्टार्टच्याही नंतर, सगळ्यात शेवटी.

ग्राउंडवर जाताना लेस बांधायचा अँकल ब्रेस घ्या किंवा कोणाकडून नीट टेपिंग शिकून घ्या, निदान भरती होईपर्यंत. ब्रेसने घोटा कमजोर होतो हे ऐकीव आहे, व्यायाम चालू असेल तर नाही होत, आणि पुन्हा मुरगळणं नक्की कमी होतं. क्रेप बँडेज मात्र धावताना बांधून काही उपयोग नाही, ते सूज आवरायला, पाऊल वळायला लागलं तर ते थांबवणार नाही. बांधायचंच असेल घरी तर बोटांकडून वर, खाली थोडं घट्ट वर सैल, रात्री सोडायचं. बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच सोडा. आणि बूट उलटे करून बघा, टाच बाहेरच्या बाजूने तिरकी झिजलेली असेल तर नवीन घ्या. पहाट म्हणजे पाचलाच असं नाही, उजाडल्यावर धावा, ग्राउंडला एक चक्कर चालून खड्डे बघून.

पोटरी एकाएकी सुजून गरम झाली आणि दुखायला लागली, किंवा पावलाला मुंग्या-बधिरपणा आला, तर हे सगळं ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आज रात्री ते भिंतीचं माप घ्या आणि पाठवा, म्हणजे कुठून सुरू करायचं ते सांगते. तीनदा घ्या आणि शेवटचं लिहा. डाव्या-उजव्याचे आकडे वेगवेगळे लिहा हं, मागे एकाने दोन्हींची सरासरी काढून पाठवली होती आणि वर विचारलं होतं, मॅडम नॉर्मल आहे ना.